कंठ एक, वाचक अनेक



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि तलवारी उभ्या राहतात. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत त्यात यांपैकी काहीच नाही. तो एका यंत्राच्या गळ्याचा इतिहास आहे. अंध माणसाला संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर बोलून दाखविणारे यंत्र जगात कसे आले, त्या यंत्राचा गळा एकच असताना त्यावर हक्क सांगणारे दोन-दोन वाचक कसे निर्माण झाले, त्यांची भांडणे कशी जुंपली आणि ती कोणत्या रीतीने मिटविली गेली, एवढाच आमचा विषय. कामगार संघटनेच्या माणसाला या विषयात पडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण पुढे येईलच. तूर्त इतकेच सांगतो की, एका मालकाशी दोन संघटनांनी बोलणे, एका जागेवर दोघांनी हक्क सांगणे आणि एकाच गेट मीटिंगमध्ये चौघांनी एकदम ओरडणे, यांत आमची तीस वर्षे गेली आहेत. भांडण कोणाचेही असो, आम्हांस त्याचा वास लवकर येतो.

कोणत्याही तंट्यात पक्षकार कोण, हे आधी ठरविले पाहिजे. अंध माणसाच्या संगणकात दोन वेगळी कामे चाललेली असतात. पहिले काम वाचण्याचे. पडद्यावर काय आहे, त्यातले काय सांगावे, काय गाळावे, हे ठरविणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. आम्ही त्याला वाचक म्हणू. दुसरे काम बोलण्याचे. वाचकाने दिलेल्या अक्षरांचा ध्वनी करणाऱ्याला सिंथेसायझर म्हणतात. आम्ही त्याला कंठ म्हणू. जुन्या गावगाड्यात चावडीतला कारकून चिठ्ठी लिही आणि दवंडीवाला ती गावभर ओरडून सांगे. कारकुनाला आवाज नव्हता आणि दवंडीवाल्याला अक्कल चालविण्याची मुभा नव्हती. तसाच हा प्रकार. आता दोन कारकुनांनी एकाच दवंडीवाल्याच्या हाती एकाच क्षणी दोन चिठ्ठ्या कोंबल्या म्हणजे काय होईल, त्याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

कंठ आधी जन्मला, वाचक फार मागाहून. व्हिएन्नाच्या दरबारातील व्होल्फगांग फॉन केम्पेलेन या गृहस्थाने १७६९ साली बोलणाऱ्या यंत्राच्या खटपटीस आरंभ केला आणि १७९१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या बाजाच्या पेटीप्रमाणे त्यात भाता होता, सूर देणारी पत्ती होती आणि हाताने दाबून आकार द्यावा असे रबराचे मुख होते. याच केम्पेलेनने बुद्धिबळ खेळणारे एक यंत्र काढले होते, आणि त्याच्या पेटीत खरोखरीचा खेळाडू दडविलेला असे! तेव्हा त्याच्या बोलक्या यंत्रातही कोणी माणूस लपला आहे काय, असा संशय कोणास आला असेल तर त्यात नवल नाही. परंतु हे यंत्र मात्र खरे होते.

पुढे १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतील होमर डडली यांचे 'व्होडर' नावाचे विजेवर चालणारे यंत्र मांडण्यात आले. बोटांखाली पट्ट्या, मनगटाखाली एक दांडी, पायाखाली एक पायटा. आणि ते वाजविणाऱ्या मुली टेलिफोन ऑपरेटरांतून निवडून, वर्षभर शिकवून तयार केलेल्या. यंत्र बोलते म्हणून लोकांनी टाळ्या वाजविल्या, पण बोलत होत्या त्या कामगार मुलींच्या बोटांतली मेहनत. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण यंत्राच्या इतिहासात कामगाराचे नाव सहसा लिहिले जात नाही.

अंध माणसाच्या उपयोगी पडेल असा कंठ यायला आणखी चाळीस वर्षे गेली. १९७६ साली रेमंड कुर्झवाईल यांनी छापील पान वाचून दाखविणारे यंत्र जगापुढे ठेवले. मग मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत डेनिस क्लॅट या संशोधकाने वर्षानुवर्षे स्वतःचा आवाज मोजून, त्याची गणिते मांडून, संगणकाला बोलावयास लावले. त्यावरून १९८४ च्या सुमारास 'डेकटॉक' ही पेटी विक्रीस आली. किंमत सुमारे चार हजार डॉलर. तिच्यातला मुख्य पुरुषी आवाज क्लॅट यांच्याच आवाजावर बेतलेला होता. पुढे कर्करोगाने त्यांचा स्वतःचा आवाज गेला आणि १९८८ साली ते वारले. जगभरच्या अंध माणसांच्या टेबलांवर त्यांचा आवाज मात्र बोलतच राहिला.

गळा तयार झाल्यावर त्याला बोलविणारे वाचक भराभर निघाले. आयबीएम कंपनीत जिम थॅचर यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यास एक वाचक लिहिला. मोटरसायकलींच्या शर्यती गाजविणारे टेड हेन्टर यांची दृष्टी १९७८ सालच्या मोटार अपघातात गेली. त्यांनी पुढे कंपनी काढून १९८९ साली 'जॉज' नावाचा वाचक आणला. हे सारे एकेकटे होते तोपर्यंत तंटा नव्हता. एक संगणक, एक वाचक, एक कंठ.

तंट्याचे मूळ जेथे आहे तेथे आपला एक माणूस भेटतो. टी. व्ही. रामन हे पुण्याचे. जन्म १९६५ चा. काचबिंदूने वयाच्या चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेऊन ते पवईच्या आयआयटीत आले. आमच्या कुर्ल्याहून पवई म्हणजे बसचा रस्ता! पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी गणिताची समीकरणे कानाने वाचता यावीत यासाठी एक पद्धती बसविली आणि १९९४ साली त्या प्रबंधावर डॉक्टरेट मिळविली. १९९५ साली त्यांनी 'ईमॅक्सपीक' ही रचना तयार करून सर्वांना फुकट वाटली.

रामन यांच्या रचनेत दोन गोष्टी आम्हांस मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, पडद्यावर उमटलेली अक्षरे मागाहून हुडकून वाचण्यापेक्षा मूळ प्रोग्रॅमनेच आपल्याला काय म्हणायचे आहे ते बोलावे, असा त्यांचा आग्रह. दिनदर्शिकेचा चौकोन पाहून वाचकाने '१४' एवढाच आकडा म्हणावा, यापेक्षा दिनदर्शिकेनेच वार आणि महिना धरून तारीख सांगावी. दुसरी गोष्ट आपल्या आजच्या विषयाची. त्यांनी कंठ हा एका स्वतंत्र सेवकाकडे सोपविला. त्या सेवकाला मुख्य हुकूम तीनच: हे रांगेत ठेव, आता बोल, गप्प बस. बोलण्याचे काम वेगळे आणि बोलविण्याचे काम वेगळे, अशी ही फारकत आहे. दवंडीवाल्याला चावडीबाहेर स्वतंत्र ओटा मिळाला, म्हणा ना.

तथापि या ओट्यावर दुसरा कारकून येऊन बसला. लिनक्स ही संगणक चालविण्याची मोफत व्यवस्था १९९१ पासून वाढत होती. तिच्या गाभ्यातच बसणारा 'स्पीकअप' नावाचा वाचक कर्क रायझर यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केला. त्याचे महत्त्व डोळसाला चटकन कळत नाही. संगणक सुरू होतो त्या क्षणापासून पडद्यावर ओळी धावू लागतात. काही बिघडले तर नेमके त्याच ओळींत लिहून येते. रामन यांचा ईमॅक्सपीक त्या वेळी झोपलेला असतो. त्याला उठविण्याची वेळ यायची असते. म्हणजे बिघाड झाला की अंध माणूस नेमका त्याच वेळी निराधार. स्पीकअप गाभ्यात असल्यामुळे पहिल्या ओळींपासून बोलू शकतो. तेव्हा शहाण्या माणसाने दोन्ही वाचक ठेवावेत. एक दुरुस्तीसाठी, एक रोजच्या कामासाठी.

परंतु डेकटॉकसारखी पेटी संगणकाच्या पाठीमागच्या ज्या नऊ पिनांच्या दाराला लावीत, त्या सिरिअल पोर्टचा दंडक असा की, एका वेळी एकच प्रोग्रॅम त्यातून बोलेल. स्पीकअप गाभ्यातला, म्हणून तो सर्वांच्या आधी येऊन दार अडवी. मागाहून ईमॅक्सपीक आला की त्याला दार बंद. तो आपला मजकूर घेऊन उभा, आवाज नाही. दोन दारांना दोन पेट्या लावणे हा एक उपाय होता. चार हजार डॉलरची पेटी दोनदा विकत घेणारा अंध कामगार आम्ही तरी पाहिलेला नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. जो आधी आला त्याचे तोंड खरे, बाकीच्यांनी गप्प बसावे, हा न्याय मुंबईच्या कामगाराला नवा नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकच 'प्रातिनिधिक' संघटना मानली. कापडधंद्यात ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगारांची मने दुसरीकडे गेली तरी कायद्याचे दार त्यांना उघडेना. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला त्याच्या मागण्यांत पगाराबरोबर हा कायदा काढून टाका अशीही मागणी होती. आमच्या कुर्ल्यात जमशेटजी टाटांनी १८८६ साली घेतलेली स्वदेशी मिल होती; तिच्या आसपासच्या चाळींतून त्या संपाचे काय झाले ते सांगण्याची ही जागा नव्हे. एकाला तोंड दिले म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे नाहीसे होत नाही, ते फक्त ऐकू येईनासे होते, एवढेच येथे लक्षात ठेवावे.

पेट्यांचे दिवस पुढे संपले. संगणकाची गती वाढली, प्रत्येक संगणकात ध्वनीची सोय आली आणि कंठाचे काम नुसत्या प्रोग्रॅमने भागू लागले. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ साली आरंभिलेला आणि २००६ पासून 'ईस्पीक' या नावाने अनेक भाषा बोलू लागलेला कंठ तर फुकट मिळतो आणि मराठीही बोलतो. त्याचे बोलणे यांत्रिक आहे, कोणी त्याला गोड म्हणणार नाही. पण वेग कितीही वाढविला तरी त्याची अक्षरे सुटी ऐकू येतात. सवयीचा अंध श्रोता आपल्या बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतो. आम्हांस पहिल्यांदा तो आवाज ऐकून चणे भाजल्यासारखे वाटले होते.

आता गळा फुकट झाला, तेव्हा भांडण मिटले असे वाटेल. मिटले नाही. ध्वनीच्या सोयीचेही दार एकच होते. शिवाय नवीन घोटाळा असा झाला की, २००७-०८ च्या सुमारास फेडोरा, उबुंटू इत्यादी लिनक्सच्या प्रचलित आवृत्त्यांत 'पल्सऑडिओ' नावाचा ध्वनीचा कारभारी नेमण्यात आला. हा कारभारी संगणकावर जो माणूस नाव नोंदवून बसला असेल त्याचा नोकर. स्पीकअप मात्र सबंध यंत्राचा नोकर. ज्याने चित्रमय पडद्यावर 'ऑर्का' हा वाचक लावला त्याच्या कारभाऱ्याने ध्वनीची किल्ली आपल्या कनवटीला लावली की गाभ्यातला स्पीकअप मुका. स्पीकअपने आधी किल्ली घेतली की ऑर्का मुका. आम्ही याला पाळीचे भांडण म्हणतो. गिरणीत रात्रपाळीचा आणि दिवसपाळीचा कामगार एकाच मागावर काम करीत. पाळी सुटताना पहिल्याने माग सोडायचा, दुसऱ्याने धरायचा. भोंगा झाला की कोणाला विचारावे लागत नसे. या संगणकांत भोंगाच नव्हता. पुढे तो बसविण्यात आला: माणूस एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर गेला की ध्वनीचा ताबाही त्याच्याबरोबर जावा, अशी व्यवस्था झाली. दुसरीकडे, सर्वांचे आवाज एकत्र करून एकाच दाराने सोडण्याची, म्हणजे मिसळण्याची, युक्तीही रुळली.

आणि या मिसळण्याने भांडणाचे रूपच पालटले. आतापर्यंत एक बोले आणि दुसरा मुका राही. आता दोघेही बोलू लागले, एकाच वेळी, एकमेकांवर! यंत्राच्या गळ्यातले भांडण सुटले आणि ते माणसाच्या कानात येऊन बसले.

कुर्ला स्टेशनवर उभे राहिलेल्या माणसाला हे निराळे समजावून द्यायला नको. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून हार्बरच्या मार्गाने निघाली ती आमच्या कुर्ल्यापर्यंत. तेव्हापासून येथे दोन मार्गांची गर्दी. मेन लाइनच्या कर्ण्यावर कल्याणची गाडी पुकारली जात असते आणि त्याच वेळी हार्बरच्या कर्ण्यावर पनवेलची. दोन्ही सूचना बरोबर, दोन्ही महत्त्वाच्या, आणि मधल्या पुलावर उभ्या असलेल्या माणसाला एकही कळत नाही. डोळस माणूस मान वर करून पाटी पाहतो. अंधाने काय पाहावे?

कानाच्या या दुबळेपणाचा शास्त्रीय तपास कॉलिन चेरी या इंग्रज संशोधकाने १९५३ साली केला. दोन निरनिराळी भाषणे एकेका कानात सोडली तर माणूस एकाकडे लक्ष देऊन ते नीट म्हणून दाखवू शकतो. दुसऱ्या कानात काय चालले होते ते मात्र त्याला जवळजवळ सांगता येत नाही. आणि तीच दोन भाषणे एकाच माणसाच्या आवाजात दोन्ही कानांत एकत्र सोडली तर ती वेगळी करताना त्याची पुरेवाट होते. पुनःपुन्हा ऐकावे लागते. आता पाहा, दोन वाचकांनी एकच कंठ वापरला म्हणजे नेमका हाच दुसरा प्रकार घडतो. आवाजही तोच, वेगही तोच, आणि शब्द एकमेकांत शिरलेले.

आम्ही या विषयात पडलो ते याच ठिकाणी. आमच्या संघटनेचे एक सभासद कुर्ल्याच्या एका कारखान्याच्या कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होते, जन्मांध. जुन्या टेलिफोन बोर्डावर त्यांचा हात असा चाले की, साहेबाला कोणाचा फोन हवा हे तो सांगण्याआधी त्यांना कळे. २०१५ साली बोर्ड गेला आणि संगणक आला. त्यांनी त्यावर 'एनव्हीडीए' हा वाचक घातला. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली सुरू केलेला आणि जेम्स टेह या दुसऱ्या अंध सहकाऱ्याबरोबर वाढविलेला हा वाचक मोफत आहे, त्यामुळे कारखान्याला एक पैचाही खर्च नव्हता. परंतु फोनची नोंद ठेवण्याचा जो प्रोग्रॅम पुरवठादाराने दिला, त्याला त्याचे स्वतःचे तोंड होते. फोन आला की तो आपल्या आवाजात नंबर म्हणू लागे. त्याच वेळी एनव्हीडीए पडद्यावर उघडलेली चौकट वाचू लागे. दोन आवाजांत दहा आकड्यांचा नंबर बुडून जाई. तीन महिन्यांनी त्यांच्या हाती पत्र पडले: कामाचा उरक नाही, खुलासा करावा.

आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसलो. खुलासा त्यांनी तोंडाने केला नाही, बोटाने केला. कंट्रोल नावाची कळ दाबली की वाचक तात्काळ गप्प होतो. अंध माणसाचे बोट दिवसातून शेकडो वेळा त्या कळीवर जाते. त्यांनी कळ दाबली. एनव्हीडीए थांबला. दुसरा आवाज चालूच राहिला. "दादा, याला माझी कळ लागू नाही," ते म्हणाले. सबंध तक्रार त्या एका वाक्यात होती. कोणी बोलावे हा वाद नंतरचा. बोलणाऱ्याला थांबविण्याचा अधिकार ऐकणाऱ्याच्या हातात नव्हता, ही खरी अडचण होती.

व्यवस्थापनाचे म्हणणे, संगणक नवा आहे, माणूस बदला. आमचे म्हणणे, माणूस वीस वर्षांचा आहे, प्रोग्रॅम बदला. कामाच्या जागी अपंग माणसाला आवश्यक तो फेरफार करून देण्याची जबाबदारी सरकारी आस्थापनांवर घालणारा कायदा त्याच्या पुढच्या वर्षी, २०१६ साली, झाला. आमच्या हाती तेव्हा नुसती हुज्जत होती, आणि कारखाना खासगी. तीन आठवडे गेले. शेवटी पुरवठादाराचा एक तरुण कारागीर आला, त्याने अर्धा तास ऐकून घेतले आणि दोन गोष्टी केल्या. प्रोग्रॅमचे स्वतःचे तोंड बंद केले. आणि जे बोलायचे ते एनव्हीडीएच्या हाती चिठ्ठीसारखे द्यावे, अशी जोडणी केली. तशी चिठ्ठी घेण्याची सोय एनव्हीडीएत आधीच होती, ती वापरावी असे पुरवठादाराच्या मनात आले नव्हते इतकेच. आता नंबरही वाचकाच्याच तोंडून येऊ लागला, आणि कळ दाबली की सगळे गप्प. पत्र मागे घेतले गेले.

हाच न्याय याहून मोठ्या प्रमाणावर लिनक्सच्या जगात आधीच बसविला गेला होता. चेक देशातील प्रागच्या 'ब्रेलकॉम' संस्थेच्या मंडळींनी या शतकाच्या आरंभी 'स्पीच डिस्पॅचर' नावाचा मध्यस्थ तयार केला. कोणत्याही वाचकाने थेट कंठापाशी जायचे नाही. आपला मजकूर मध्यस्थाकडे द्यायचा आणि तो कोणत्या दर्जाचा आहे तेही सांगायचे. दर्जे पाच. पहिला अत्यंत महत्त्वाचा: तो आला की बाकीच्यांना बाजूला व्हावे लागते आणि त्याला कोणी तोडू शकत नाही. दुसरा निरोपाचा: निरोप एकामागून एक रांगेने सांगितले जातात. तिसरा वाचनाच्या मजकुराचा, आणि त्याचा नियम आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो: नवा मजकूर आला की जुना आपोआप तुटतो. कारण माणूस बाण दाबीत दहा ओळी खाली गेला असेल तर त्याला दहावी ओळ हवी असते. मधल्या नऊ ओळी रांगेने ऐकवीत बसणे म्हणजे त्याचा छळ. चौथा बारीकसारीक सूचनेचा: दुसरे कोणी बोलत असेल तर तिने मुकाट्याने नाहीसे व्हावे. पाचवा प्रगतीचा: काम दहा टक्के झाले, वीस टक्के झाले, यांतले काही गळाले तरी चालेल, पण शेवटचे 'पूर्ण झाले' हे सांगितलेच पाहिजे.

आम्ही हे नियम प्रथम समजावून घेतले तेव्हा आमच्या मनात आले की, सभेचे अध्यक्षपद कसे चालवावे यावर आम्ही जी पुस्तके वाचली त्यांत इतके नेमके लिहिलेले नव्हते. रांग सगळीकडे न्याय्य नसते, हे कामगार चळवळीत कळायला वेळ लागतो. भट्टीपाशी अपघात झाल्याची वर्दी घेऊन येणाऱ्याला 'तुमचा नंबर सतरावा' असे सांगून चालत नाही. पण या व्यवस्थेत एक उणीव राहतेच. दर्जा ज्याचा त्यानेच सांगायचा असल्यामुळे, प्रत्येक निरोप 'अत्यंत महत्त्वाचा' म्हणून पाठविणारा आगाऊ प्रोग्रॅम भेटला तर मध्यस्थाचे हात बांधले जातात. प्रत्येक कागदावर 'तातडीचे' असा शिक्का मारणारे कारकून आपण सरकारी कचेऱ्यांत पाहतोच.

विंडोजमध्ये असा सर्वमान्य मध्यस्थ झाला नाही. तेथे एक खूण असते: 'वाचक चालू आहे' किंवा 'वाचक चालू नाही'. ती पाहून इतर प्रोग्रॅम आपली वागणूक बदलतात. पण खूण एकच, आणि वाचक किती चालू आहेत ते ती मोजीत नाही. दोन वाचक चालू असताना एकाने निघून जाताना ती खूण पुसली की उरलेला चालू असूनही नसल्यासारखा! म्हणून तेथे एका वेळी एकच वाचक चालवावा, हाच रिवाज पडला आहे. ज्या प्रोग्रॅमला स्वतःचे चांगले तोंड आहे त्याच्यापुरते एनव्हीडीएला झोपविण्याची सोय आहे. ते झोपविणेही वापरणाऱ्याच्या बोटाने, हे चांगले. रामन यांच्या ईमॅक्सपीकमध्ये पुढे आणखी एक वाट निघाली: आलेल्या सूचना वेगळ्या प्रवाहातून एकाच कानात सोडाव्यात आणि मुख्य वाचन वेगळे ठेवावे. चेरीच्या १९५३ च्या प्रयोगाचा हा घरगुती उपयोग झाला.

एका तंट्याचा निकाल मात्र अजून लागलेला नाही आणि तो आपल्याच घरचा आहे. एकाच कंठावर मराठी आणि इंग्रजी या दोघी हक्क सांगतात. जुने इंग्रजी कंठ देवनागरी पुढे आली की एक तर गप्प बसत किंवा भलतेच काही बोलत. नवे कंठ दोन्ही भाषा बोलतात, पण आकडा आला की अडखळतात. '2015' हे 'दोन हजार पंधरा' म्हणावे की 'ट्वेंटी फिफ्टीन'? आकड्याला भाषा नसते. भोवतीच्या मजकुराला असते, आणि ती मजकूर लिहिणाऱ्याने सांगावी लागते. वस्तुतः असाच एक तंटा आपण पूर्वी मिटविला आहे. ब्रेलची सहा टिंबे. त्यांपासून होणाऱ्या आकृती त्रेसष्ट. आणि त्यांवर हक्क सांगणाऱ्या आपल्या देशातल्या लिप्या कितीतरी. प्रत्येक प्रांताने आपापली लिपी बसविल्यामुळे एका शाळेचा अंध विद्यार्थी दुसऱ्या शाळेचे पुस्तक वाचू शकत नसे. १९५१ साली भारती ब्रेल ठरले आणि मराठीचा 'क', बंगालीचा 'क', तमिळचा 'क' एकाच आकृतीने लिहिला जाऊ लागला. ती आकृती इंग्रजी 'के'चीच आहे. कोणाची लिपी मोठी हा प्रश्न बाजूला ठेवून बोटाखाली उच्चार कोणता येतो एवढेच पाहिले गेले.

कंठाच्या बाबतीत अशी बैठक कोणी बोलावलेली नाही. कारखान्यांची परिपत्रके, बँकांची पत्रे, वीजबिले यांत मराठी आणि इंग्रजी एकाच ओळीत येतात आणि कोठेही भाषेची खूण केलेली नसते. वाचक अंदाजाने चालतो, अंदाज चुकला की कंठ मराठी नाव इंग्रजी थाटात म्हणतो, आणि ऐकणारा ती ओळ पुन्हा मागे नेतो. आमच्या संघटनेच्या कार्यालयातून सभासदांना जी पत्रके संगणकावर पाठविली जातात, त्यांत आता मराठी मजकुरावर मराठीची आणि इंग्रजी मजकुरावर इंग्रजीची खूण करूनच ती पाठवितात. टंकलेखन करणाऱ्या मुलीला त्यास पत्रकामागे दोन मिनिटे अधिक लागतात. पहिल्या महिन्यात ती कुरकुरली. मग त्या ऑपरेटर सभासदांनी तिला आपल्या संगणकापाशी बसवून तेच पत्रक खुणेवाचून कसे ऐकू येते ते ऐकविले, आणि त्या दिवसापासून आम्हांस तिला आठवण करावी लागलेली नाही.